अँडॉर, भाग ११ : सगळ्यांना कळलं, मुलाला सोडून (स्पॉयलर आहेत)

तिठा | १७ नोव्हेंबर २०२२

'स्टार वॉर्स'च्या विश्वातल्या 'अँडॉर' मालिकेच्या दहाव्या भागाचा धागा अजून वाहतोय, पण अकराव्याबद्दल तिथे लिहिलं तर गर्दीत हरवेल, म्हणून वेगळा काढला. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथूनच मागे फिरा.

काल दुपारी हॉटस्टारवर आला, रात्री जेवणं उरकल्यावर पाहिला. माझ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच सूर आहे: 'दहावा काय होता, आणि हे काय?' मान्य आहे. मागच्या बुधवारी नायक कॅसियन अँडॉरसकट पाच हजार कैदी नार्किना ५ चा तुरुंग फोडून समुद्रात उड्या मारतात. त्यानंतर शेवटून दुसरा भाग म्हटल्यावर आपण मोठ्या लढाईच्या तयारीने बसतो. अलीकडच्या मालिकांनी सवयच लावलीय तशी: दणका उपांत्य भागात आणि शेवटच्यात निस्तरानिस्तर. इथे उलटं आहे. एक म्हातारी बाई, कॅसियनची आई मार्वा, तिच्या खोलीत वारलीय, आणि पुढचा सगळा वेळ ती गेल्याची बातमी गावोगाव फिरतेय.

ही बातमी कोणाकोणाकडे कशी पोचते ते नीट बघा. घरात कॅसियनचा मित्र ब्रासो आणि शेजारीपाजारी. मग फेरिक्सवर, म्हणजे त्यांच्या गावात, ठाण मांडून बसलेले साम्राज्याचे अधिकारी, त्यांच्याकडून साम्राज्याच्या गुप्तचर खात्यातली (आयएसबी) डेड्रा. ती काय म्हणते? अंत्ययात्रा होऊ द्या, मुलगा येईलच. पाळत ठेवून बसलेल्या बंडखोर सिंटामुळे तिच्या साथीदार व्हेलला कळतं, व्हेल क्लेयाला सांगते, म्हणजे क्लेया ज्याचा उजवा हात आहे त्या ल्युथनच्या, बंडाच्या सूत्रधाराच्या, कानावर जायला वेळ लागणार नाही. त्याच्या डोक्यातही तेच: कॅसियन येईल आणि आपल्याला ओळखणाऱ्या त्याचं एकदाचं तोंड बंद करता येईल. तिकडे कॅसियनच्या मागे लागून नोकरी घालवलेल्या सिरिलला त्याचा जुना सार्जंट मॉस्क कळवतो. बातमी ऐकून त्याचा चेहरा चक्क उजळतो. मार्वाशी ज्यांचं काडीचं नातं नाही अशा सगळ्यांना ती गेल्याचं कळतं आणि प्रत्येक जण त्यातून आपलं काम साधायला बघतो.

आणि कॅसियनला सगळ्यात शेवटी. तेही त्याने स्वतः फोन लावला म्हणून. 'तिला सांग, तिला माझा अभिमान वाटेल' असा निरोप तो देत असतो आणि पलीकडून गावातला मित्र झान सांगतो, अरे, ती गेली.

या सगळ्यात नुसतं रडणारा एकच जण आहे आणि तो माणूस नाही. त्याच्यावर मी आत्ता लिहीत नाही, कोणीतरी लिहीलच.

लेखन टोनी गिलरॉयचं, दिग्दर्शन बेंजामिन कॅरनचं. सातवा भागही कॅरननेच केला होता. मायलेकांची शेवटची भेट त्याच भागातली, हे लक्षात ठेवून परत बघा.

---

रिकामा_तांब्या

रुमाल टाकतोय. नवव्या भागापर्यंत आलोय, रविवारी उरलेले बघून येतो. तोवर डोळे मिटून खाली स्क्रोल.

---

पेन्शनर

तिठा, लिहिलंय छान, पण मला भाग फसलेलाच वाटला. बारा भागांपैकी अकराव्यात कथा पुढे किती सरकते? बंडाला चोरून पैसा पुरवणारी सिनेटर मॉन मॉथमा तिच्या आलिशान घरात उसासे टाकते. सिरिल आईच्या घरात कुढतो. कॅसियनची मैत्रीण बिक्स कोठडीत. कॅसियन आणि त्याच्याबरोबर तुरुंगातून पळालेला मेल्शी कड्याला लोंबकळतात, मग जाळ्यात सापडतात, मग सुटतात. हे सगळं वीस मिनिटांत उरकून थेट अंत्ययात्रेवर आले असते तर काय बिघडलं असतं?

तुमच्या बातमीच्या साखळीबद्दल: ती मलाही दिसली. पण ती दिसणं आणि ती रंगणं यात फरक आहे.

---

खारी_बिस्कीट

काका, वीस मिनिटांत उरकलं असतं तर पहिला बळी मार्वाच्या यंत्रमानवाचा, बी-टू-ईमोचा गेला असता. मग मी सबस्क्रिप्शन बंद केलं असतं.

तिठाने जागा सोडलीय ती भरते. मार्वाला घरातून नेतात. बी आपल्या चार्जिंगच्या जागेवरून हलायला तयार नाही. ब्रासो म्हणतो, माझ्याकडे चल. बी नाही म्हणतो. त्याला एकटं राहायचं नाहीये, त्याला मार्वा हवीय. एवढंच तो त्या अडखळत्या आवाजात सांगतो. शेवटी ब्रासो म्हणतो, बरं, आजची रात्र मी इथेच थांबतो.

या सीनमध्ये ब्रासो काय करत नाही ते बघा. तो समजूत घालत नाही. 'ती आता चांगल्या ठिकाणी आहे' वगैरे काही नाही. 'तू यंत्र आहेस, तुला कसलं दुःख' असंही नाही. एवढा धिप्पाड, भंगार तोडणारा माणूस खाली वाकतो, ऐकून घेतो आणि थांबतो. दुखवट्याच्या घरी जाऊन काय बोलावं ते न कळणाऱ्यांना (मी त्यातलीच) हा सीन दाखवायला हवा.

बी कॉम्प्युटरवर काढलेला नाही, सेटवर खरोखरची बाहुली आहे. डेव्ह चॅपमन ती चालवतो आणि आवाजही त्याचाच. समोरच्या नटाला हात ठेवायला खरी वस्तू असते, त्याने फरक पडतोच. पहिल्या भागात हाच बी सांगतो की खोटं बोलायला त्याला जास्त चार्जिंग लागतं. तेव्हा आपण हसलो होतो. अशा जिवाकडून 'मी ठीक आहे' हेसुद्धा निघणार नाही, हे अकराव्यात कळतं.

---

चिंचगुळ

+१. ब्रासो माझ्याकडून कायमचा आवडता. जोप्लिन सिबटेन नाव आहे नटाचं.

अवांतर: सिंटा झालेली वरदा सेतू मूळची केरळची, हे इथे किती जणांना माहीत होतं? मला कालच कळलं.

---

टोरांटोकर

एरवी मी इथे फक्त वाचतो. आज लिहितोय.

माझे मोठे काका गेले ते मला फोनवर कळलं, आणि तेही मी दुसऱ्याच कामासाठी घरी फोन लावला होता म्हणून. 'तुझी तिकडे परीक्षा होती ना, म्हणून नाही सांगितलं' असं म्हणाले. तोपर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळलं होतं, कॉलनीतल्या वॉचमनलासुद्धा. परदेशात राहणाऱ्या निम्म्या मराठी लोकांकडे असा एखादा फोन असेल.

म्हणून नियामोसचा, कॅसियन जिथून फोन लावतो तिथला, सीन मला वेगळा दिसला. कॅसियन झालेला डिएगो लुना त्यात रडत नाही. झान सांगतो आणि याच्या चेहऱ्यावर क्षणभर काही येतच नाही, कारण तो अजून मागच्याच वाक्यात आहे. मग बाहेर येतो. मेल्शी विचारतो, सगळं ठीक ना? हा हो म्हणतो. जो माणूस याच्याबरोबर तुरुंगातून पोहून आला, त्यालाही सांगत नाही. हे लेखकाने कुठून उचललं माहीत नाही, पण बरोबर उचललंय. पहिल्या माणसाला आपण 'हो, ठीक आहे' असंच सांगतो.

---

तिठा

टोरांटोकर, लिहीत राहा.

त्याला जोडून एक. नियामोस हीच ती जागा जिथे सातव्या भागात कॅसियनला काहीही न करता उचललं होतं. दुकानाकडे चालला होता, शिपायाने हटकलं, सहा वर्षं सक्तमजुरी. आता तो त्याच गावात, त्याच खोलीत येतो आणि दडवलेली पेटी काढतो. पैसे आहेत, मेलेल्या बंडखोर सोबत्याचं, नेमिकचं लिखाण आहे. एवढ्या उलथापालथीत त्या खोलीत कोणीही हात घातलेला नाही. ही सुट्टी घालवण्याची जागा आहे, लोक समुद्रावर फिरतायत. तुरुंगापासून फार लांबही नसावी, कारण कोळीदादांच्या त्या खटाऱ्यातून पोचता येतं.

---

ध्वनिलहर

कोळीदादांवर कोणीच बोलत नाहीये म्हणून मी.

जाळ्यात अडकलेले दोन पळपुटे कैदी. त्यांना धरून दिलं तर बक्षीस. दोघं मच्छीमार आपापसात हुज्जत घालतात आणि मग निरुपायाने नाही, रागाने सोडतात. त्या तुरुंगाने पाणी नासवलंय, मासळी संपवलीय. कुठलंही भाषण नाही. बंडखोरांचा झेंडा त्यांनी आयुष्यात पाहिला नसेल. पोटावर पाय आला एवढंच. या मालिकेत बंड ज्या ज्या ठिकाणी पेट घेतं तिथे कारण असंच जवळचं असतं, हे मला फार आवडतं.

आता ल्युथनच्या यानाकडे येतो, कारण ज्यांना 'काहीच घडत नाही' वाटलं त्यांनी बहुधा त्या वेळी चहा टाकला होता. साम्राज्याची अडवणूक करणारी क्रूझर, पुढे तीन अजस्र तबकड्या. त्यांचा ट्रॅक्टर बीम लागला की लहान यानाची सुटका नाही. ल्युथन काय करतो? स्वतःच्या यानातून धातूचे तुकडे सोडतो. बीम खेचतोय, मग तो तुकडेही खेचणारच, आणि ते सगळे सुसाट जाऊन तबकडीवरच आदळतात. शत्रूच्या जोरानेच शत्रूचं नाक फोडायचं. वर दोन्ही बाजूंनी लांबच लांब लेझर काढून यान गिरकी घेतं, टाय फायटर कापली जातात. पठ्ठ्या हे सगळं करताना जागेवरून उठतही नाही. इतके भाग जो माणूस विग लावून गिऱ्हाइकांना जुन्या वस्तू दाखवत होता तो कोण आहे, ते दीड मिनिटात कळतं.

---

पेन्शनर

यानाचं मान्य. ते पाहताना मीही सरसावून बसलो होतो. चहा आधीच झाला होता.

पण मॉन मॉथमाच्या घरातलं लांबण कशाला, ते कोणी तरी सांगा.

---

जास्वंदी

काका, मला तर भागातला सगळ्यात भीतीदायक सीन तोच वाटला.

मॉनच्या नात्यातलीच असलेली व्हेल तिच्या घरी येते तर मॉनची मुलगी लीडा आणि तिच्या मैत्रिणी एका वयस्क बाईसमोर बसून चँड्रिलाची, म्हणजे त्यांच्या मूळ ग्रहाची, जुनी वचनं म्हणतायत, लग्नाच्या रीतीची. मॉन हतबल. तिचं स्वतःचं लग्न कोवळ्या वयात असंच लावून दिलेलं आणि ते किती सुखाचं आहे ते आपण बघतोच. ती यातून बाहेर पडायला धडपडली आणि मुलगी आपल्या पायांनी परत त्यातच चाललीय, कोणी जबरदस्ती न करता.

आणि हे घडतंय राजधानीत, चँड्रिलापासून दूर. मी इथे न्यू जर्सीत अशी घरं पाहिलीयत. आईबाप सगळं सोडून आलेले, आणि मुलांना मात्र सोवळंओवळं आईबापांपेक्षा जास्त कडक हवं. मुलांना त्यात काहीतरी 'आपलं' सापडतं. त्यांचं चुकतं असंही मी म्हणणार नाही, पण आईच्या चेहऱ्यावर जे येतं ते जेनेव्हिव्ह ओरायलीने नेमकं पकडलंय.

त्यात पैशाचा पेच. चार लाख क्रेडिट्सचा हिशेब लागत नाही, तपासनीस दाराशी. सावकार स्कल्डन व्याज मागत नाही, फक्त म्हणतो, माझ्या मुलाची तुमच्या मुलीशी ओळख करून द्या. हे ती व्हेलला सांगते तेव्हा व्हेलला काय बोलावं कळत नाही. आता मागचा सीन आठवा. मुलगी तर आनंदाने तयार होईल! अडचण तीच आहे. लीडाने विरोध केला असता तर मॉनला सोपं गेलं असतं.

---

पेन्शनर

हा शेवटचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. परत बघतो. तरी सिरिलबद्दल माझं मत कायम.

---

खारी_बिस्कीट

सिरिलबद्दल सगळ्यांचंच मत कायम आहे, काका.

---

तिठा

एक वाद घालायचाय, मला एकट्याला सुटत नाहीये.

क्रीगर नावाचा दुसरा एक बंडखोर म्होरक्या स्पेलहाउसच्या वीजकेंद्रावर हल्ला करणार. आयएसबीला ते आधीच कळलंय. ल्युथनला त्याच्या तिथल्या माणसाकडून हे समजलंय. क्रीगरला सावध केलं तर आयएसबीला फितुरीचा वास लागणार आणि इतक्या वर्षांनी पेरलेला माणूस जाणार. म्हणून ल्युथन गप्प बसतो, क्रीगरची सगळी माणसं मरू देतो. इथवर दहाव्यातच आलं होतं.

अकराव्यात मेख अशी की तिसऱ्या एका बंडखोर टोळीचा म्होरक्या सॉ गेरेरा, जो आठव्या भागात क्रीगरबरोबर जायला साफ नाही म्हणाला होता, तो आता म्हणतो, येतो मी. आता ल्युथनला त्याला तरी थांबवावंच लागतं, म्हणजे कारण सांगावं लागतं. पुढची काही मिनिटं म्हणजे दोन म्हातारे एकमेकांना जोखतायत. सॉला आधी आपल्याच गोटातल्यांचा संशय येतो, मग ल्युथनचा, मग सगळ्यांचा. आणि शेवटी तोही गप्प राहायचं कबूल करतो.

प्रश्न असा: सॉ कबूल का होतो? पटलं म्हणून, की क्रीगर मेला तर एक प्रतिस्पर्धी कमी म्हणून?

---

ध्वनिलहर

दुसरं. सॉला क्रीगर कधीच पटत नव्हता, तो त्याला फुटीरतावादी म्हणून नावं ठेवतो. सॉ झालेल्या फॉरेस्ट व्हिटेकरचा चेहरा बघा, सुरुवातीला धक्का आहे, शेवटी जवळजवळ समाधान.

---

जास्वंदी

मला नाही वाटत. समाधान नव्हे, ओळख आहे ती. आपल्याइतकाच निर्दय माणूस समोर आहे हे त्याला पहिल्यांदा कळतं. याला युद्ध म्हणू या, असं तो म्हणतो तेव्हा दोघंही एकमेकांच्या डोळ्यात बघतात. त्या क्षणी त्यांच्यात जे काही होतं ती मैत्री नाहीच, पण तिच्या जवळचं काहीतरी आहे.

---

टोरांटोकर

आणि क्रीगर आपल्याला एकदाही दिसत नाही. फक्त बिक्सला चौकशीत त्याचा फोटो दाखवतात, हाच का तो म्हणून. ज्याच्या मरणावर एवढी चर्चा, त्याला आपल्यासमोर एक वाक्यही नाही. मार्वाच्या मरणाची बातमी सगळीकडे जाते आणि क्रीगरच्या मरणाची बातमी त्याच्यापासूनच लपवली जाते. एकाच भागात.

---

तिठा

हे माझ्या धाग्यात मीच लिहायला हवं होतं. कडक.

---

चिंचगुळ | २१ नोव्हेंबर २०२२

बुधवार दोन दिवसांवर. पैजा लावा. माझी: सिंटा कॅसियनवर गोळी झाडणार आणि व्हेल मध्ये येणार. कॅसियन पुढच्या काळातल्या २०१६ च्या 'रोग वन' सिनेमात जिवंत आहे, म्हणजे मरणार नाही हे नक्की.

---

पेन्शनर

माझी: सिरिल काहीतरी मूर्खपणा करेल. सोपी आहे, पण जिंकायला आवडतं.

---

रिकामा_तांब्या

आलो. तिन्ही भाग सलग पाहिले. दहावा संपल्यावर लगेच अकरावा लावला आणि मला तो संथ अजिबात वाटला नाही. आठवडाभर वाट पाहून बघणाऱ्यांना अपेक्षेचा त्रास झाला असणार. माझं मत: बाराव्याच्या आदल्या रात्री अकरावा परत बघा.

---

तिठा | २४ नोव्हेंबर २०२२

शेवटचा भाग झाला. नवीन धागा काढत नाही, कारण जे लिहायचंय ते अकराव्याबद्दलच आहे.

पेन्शनरकाका, वीस मिनिटांत उरकायचं म्हणत होतात ना? काल अंत्ययात्रेच्या रस्त्यावर एका वेळी कोण कोण उभं होतं मोजा. डेड्रा, सिरिल, मॉस्क, ल्युथन, व्हेल, सिंटा, आणि खालून गुपचूप आलेला कॅसियन. कोण कशासाठी आलाय हे बाराव्यात एका ओळीनेही सांगावं लागलं नाही. ते काम अकराव्याने केलं होतं. म्हणून काल दिग्दर्शकाला नुसता बँड वाजवत ठेवून वाट बघायला लावता आली. वादकांची ती रांग येत राहते, येत राहते, आणि आपण खुर्चीच्या कडेला.

आणि बी! ज्याला कोणी मोजत नव्हतं, त्याच्याच पोटातून मार्वा उभी राहिली आणि अख्ख्या गावाशी बोलली. फेरिक्समध्ये माणूस गेला की त्याच्या राखेची वीट करतात आणि ती भिंतीत बसवतात. मार्वाची वीट ब्रासोच्या हातात होती. ती त्याने कुठे बसवली ते सगळ्यांनी पाहिलंच.

---

खारी_बिस्कीट

शिपायाच्या टाळक्यात. मी टाळ्या वाजवल्या, घरचे बघायला आले.

---

पेन्शनर

पैज जिंकलो का हरलो कळत नाहीये. सिरिलने डेड्राला वाचवलं, ते मूर्खपणात धरायचं का?

भागाबद्दल: ठीक आहे, बाराव्यानंतर अकरावा बरा वाटतो. पण पुढच्या भागाच्या टेकूवर उभा राहणारा भाग स्वतः चांगला म्हणायचा का? माझं उत्तर अजून नाहीच.

---

ध्वनिलहर

काका, बीचा सीन कुठल्याही टेकूशिवाय उभा आहे. बाकीचं तुम्हाला दिलं.

---

मोगरा_वेणी | १८ मे २०२५

धागा वर काढतेय. दुसरा सीझन गेल्या आठवड्यात संपला, म्हणून पहिला परत पाहिला आणि शोधत इथे आले. तीन-तीन भाग एकदम टाकल्यामुळे या वेळी कोणाला आठवडाभर वाट पाहावी लागली नाही, अकरावा आणि बारावा एकाच दिवशी. त्यामुळे पेन्शनरकाका आणि तिठा यांच्यासारखं भांडणही कुठे दिसलं नाही. मला ते हवं होतं.

नव्या सीझनच्या अकराव्यात कॅसियनबरोबर कोण येतं आठवा: मेल्शी! क्लेयाला सोडवायला तो, कॅसियन आणि त्यांचा ड्रॉइड के-टू. पहिल्या सीझनच्या अकराव्यात दोघं समुद्रकिनाऱ्यावरून वेगवेगळ्या वाटांनी गेले होते, जे पाहिलं ते कोणीतरी सांगायला जिवंत राहावं म्हणून. दोन्ही वेळा शेवटून दुसराच भाग.

ब्रासोबद्दल लिहिवत नाही.

---

खारी_बिस्कीट

ब्रासोबद्दल मीही लिहिणार नाही, तिसऱ्या भागानंतर दोन दिवस कोणाशी बोलले नाही. पण बी शेवटी शेतावर दुसऱ्या छोट्या ड्रॉइडशी खेळताना दिसतो ना, तेवढ्यासाठी सगळं माफ.

---

तिठा

मेल्शीचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं, वा. पण मग विचारतो: मार्वा गेल्याचं त्या दिवशी आपल्याला कळलं होतं, हे कॅसियनने मेल्शीला पुढे कधी सांगितलं असेल का? दुसऱ्या सीझनमध्ये तसं काही मला सापडलं नाही. कोणाला सापडलं तर भाग क्रमांकासकट लिहा.

---

पेन्शनर

सापडणार नाही. पुरुष सांगत नाहीत. पण त्या निमित्ताने चोवीसच्या चोवीस भाग परत बघतो, घरी कारण हवंच होतं.